सरकारी स्टाफ आणि पाळकाची वाट

सोलापुरात ख्रिस्ती घरातली मुलगी नर्स झाली तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. माझी आई मिरजेला शिकली, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उभ्या केलेल्या दवाखान्यात. मावश्या नर्स, एक आत्या नर्स. आमच्याकडे स्थळ बघताना 'मुलगी स्टाफ आहे, सरकारी' एवढं म्हटलं की पुढची बोलणी सोपी होतात. मीही तेच केलं. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, मग भरती, मग नशिबानं सोलापुरातच सरकारी रुग्णालयात नेमणूक. भुवया उंचावल्या त्या चाळिशी ओलांडल्यावर, मी 'नोकरी सोडून पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, व्हावं असं वाटतंय' म्हणाले तेव्हा.

पाचारणावर, म्हणजे देवानं आपल्या सेवेला बोलावण्यावर, आमच्या लोकांत बोलणं फार चालतं. पण पाचारण झालंय असं वाटल्यावर आधी कुणाकडे जायचं, कोणते कागद लागतात, घरात कोण अबोला धरतं, ह्यावर कुणी बोलत नाही. मला त्या काळात असं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते.

साक्ष देताना लोक स्वप्नं सांगतात, रात्री कानात आलेला आवाज सांगतात. माझ्याकडे तसलं काही नाही. माझं सुरू झालं ते वॉर्डातच. मेडिकल वॉर्डात नाइटला असलं की एका पेशंटजवळ जितका वेळ बसावंसं वाटतं तितका बसता येत नाही. इकडे सलाईन संपत आलेलं असतं, तिकडे कुणाची शुगर घ्यायची असते. अक्कलकोटहून, मंगळवेढ्याहून, कर्नाटकातल्या इंडीकडून आलेली माणसं. नातेवाईक बाहेर चटई टाकून पडलेले. पहाटे चारच्या सुमाराला म्हातारी माणसं बोलायला लागतात. "सिस्टर, माझं आता काय व्हायचं?" त्यांना रिपोर्ट नको असतो. शेजारी कुणीतरी टेकायला हवं असतं, आणि माझ्या हातात इंजेक्शनचा ट्रे.

दुसरीकडे चर्चच्या महिला मंडळात बायबलच्या वचनावर बोलायची पाळी माझ्यावर वारंवार यायला लागली. पाळकसाहेब बाहेरगावी असले की रविवारची उपासना चालव म्हणायचे. लोक दारात हात हातात घेऊन सलाम करायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, तुमचं बोललेलं समजतं बघा." कौतुकाची चटक लागते, हेही खरं. आपल्याला देव ओढतोय की टाळ्या ओढतायत, हे त्यावेळी छातीठोकपणे सांगता आलं नसतं. आजही पूर्ण येतं असं नाही.

त्यातच एका संजीवन सभेत, म्हणजे विश्वास जागवायच्या मोठ्या सभेत, बाहेरून आलेले वक्ते मोठ्या आवाजात म्हणाले, "येशूच्या मागे जाताना पेत्रानं जाळी टाकून दिली, तुम्ही पासबुक टाकायला का भिता?" सगळ्या मंडपानं आमेन म्हटलं. मीही म्हटलं. घरी येताना रिक्षात मात्र मला डोळ्यासमोर पासबुकच दिसत होतं.

ह्यांना सांगितलं त्याच आठवड्यात. हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहेत. टेरी टॉवेलच्या धंद्याचं सोलापूरकरांना सांगायला नको. परदेशी ऑर्डर असली की रात्री नऊपर्यंत पॅकिंग, नसली की मालक म्हणणार 'उद्या नका येऊ'. म्हणजे आमच्या घराचा भार माझ्या पगारावर. ह्यांनी वाद घातला नाही. जुन्या कालनिर्णयाचं एक पान फाडलं, पाठीमागे पेनानं रेघ मारली आणि एका बाजूला लिहायला सुरुवात केली: घराचा हप्ता, मुलीची अकरावी-बारावी, आईंची बीपी-शुगरची औषधं, सोसायटीचं कर्ज. दुसऱ्या बाजूला पाळकाचा पगार. तो आमच्या भागात किती असतो हे आम्हा दोघांना माहीत होतं, तरी त्यांनी तो नीट लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि पान माझ्याकडे सरकवलं. "आता प्रार्थना कर," म्हणाले. टोमणा नव्हता तो. माणूस तसा नाही.

पेन्शनचा प्रश्न वेगळाच. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्या आम्हा लोकांना जुनी पेन्शन नाही, अंशदान योजना आहे. मध्येच बाहेर पडलं तर साठलेल्या रकमेतला मोठा हिस्सा हातात न येता वार्षिकीत, म्हणजे थोडंथोडं मिळणाऱ्या पेन्शनमध्ये, अडकतो. स्वेच्छानिवृत्ती मागायची तर वीस वर्षं सेवा भरावी लागते आणि तीन महिन्यांची नोटीस. माझी वीस भरायला अजून अवकाश आहे. हे सगळं आस्थापनेच्या बाबूंनी मला चहा पिता पिता सांगितलं आणि वर विचारलं, "सिस्टर, दुबईला चाललात का?"

सासूबाईंनी मात्र सरळ तोंड उघडलं. सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी धुणीभांडी करून दोन पोरं शिकवली. पगार थांबणं म्हणजे काय, हे त्या भोगून बसल्यायत. पाळकसाहेब घरी आले होते, बोलता बोलता त्यांनी टिळकांचं उदाहरण काढलं. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, हे आम्ही रविवारच्या शाळेपासून ऐकत आलोय. त्यांची गाणी तर तोंडपाठ. सासूबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "टिळकांचं झालं हो. लक्ष्मीबाईंनी चूल कशी पेटवली ते सांगा की." पाळकसाहेब हसले, पण गप्प बसले. नंतर मला म्हणाले, "आईंचा प्रश्न बायबलमधलाच आहे. जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, असं पौलानं तीमथ्याला लिहिलंय. ते वचन संजीवन सभेत कुणी काढत नाही."

पाळकसाहेबांनी मला जे सांगितलं ते फार साधं होतं. पुढच्या नाताळपर्यंत राजीनाम्याचं नाव काढायचं नाही. चर्चमध्ये कुणाला बोलायचं नाही, कारण एकदा लोकांनी 'वा वा' केलं की मागे फिरायला लाज वाटते. आणि काही अध्याय वाचायचे. मी धरून चालले होते की यशयाचा सहावा अध्याय देतील, 'हा मी आहे, मला पाठव'. त्यांनी दिला मार्क, पहिला आणि पाचवा अध्याय. मग प्रेषितांची कृत्ये अठरा आणि वीस, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा अध्याय.

मार्कचा पहिला अध्याय शेकडो वेळा कानावरून गेलाय. पण ते विसावं वचन मी कधी थांबून वाचलं नव्हतं. याकोब आणि योहान बापाला तारवात सोडून येशूच्या मागे गेले, तेव्हा बाप एकटा नव्हता, त्याच्याबरोबर मजूर होते. मार्कनं ते मुद्दाम लिहून ठेवलंय. धंदा बुडाला नाही, म्हातारा उघड्यावर पडला नाही. आणि जरा पुढे गेलं की पेत्राच्या सासूला ताप आलेला आहे, म्हणजे त्यालाही घर होतं, सासू होती. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "बघ, मजूर होते."

पाचव्या अध्यायानं मला खरी अडचण केली. गरसेकरांच्या प्रांतातला तो भूतबाधा झालेला माणूस बरा होतो आणि येशूला विनवतो, मला तुमच्याबरोबर येऊ द्या. येशू नाही म्हणतो. घरी जा, आपल्या माणसांत जा, प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं ते त्यांना सांग. बारा शिष्यांना 'माझ्यामागे या' आणि ज्याला खरोखर यायचंय त्याला 'घरी जा'. मला हे आवडलं नाही. बरेच दिवस मी तो अध्याय टाळून पौलाकडेच जात राहिले. पौल सोपा पडतो. तो करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवतो आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलतो. सुवार्तेवर पोट भरायचा आपल्याला हक्क आहे असं नवव्या अध्यायात ठासून सांगतो आणि लगेच म्हणतो, तो हक्क मी वापरला नाही. इफिसच्या वडिलांना निरोप देताना आपले हात पुढे करून दाखवतो, ह्या हातांनी माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा भागवल्या. पण फिलिप्पैच्या मंडळीनं पाठवलेली मदत त्यानं घेतलीही. म्हणजे त्याचाही एकच एक नियम नव्हता.

मग पुण्याला जाऊन आले. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघालं की दुपारचं काम उरकून परत येता येतं. युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीत माझ्या ओळखीच्या एक बाई शिकत होत्या, त्यांच्या वर्गातली बरीच मुलं माझ्या मुलीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी. बी.डी. ही पाळकांची पदवी, म्हणजे काही वर्षं तिथे राहून शिकायचं. ग्रीक, हिब्रू, मंडळीचा इतिहास. ग्रंथालयात हात फिरवताना जीव खूप वर-खाली झाला, खोटं कशाला बोलू. तिथल्या एका जुन्या शिक्षकांनी मला बाकावर बसवून विचारलं, "पाळक झाल्यावर असं काय कराल जे तुम्हाला आज करता येत नाही?"

मी म्हटलं, आजाऱ्यांजवळ बसेन. ते म्हणाले, त्याला पाळकाची दीक्षा लागत नाही. वचन सांगेन. तेही तुम्ही सांगताच आहात. मरणाऱ्यांच्या घरी जाईन. त्यांनी नुसतं पाहिलं. शेवटी मी म्हटलं, प्रभुभोजन देता येईल, बाप्तिस्मा देता येईल. "ते तेवढं खरं," ते म्हणाले. "त्यासाठीच यायचं असेल तर जरूर या. बाकीच्या गोष्टींसाठी येत असाल तर त्या आज का अडल्यायत ते आधी शोधा."

परतीच्या गाडीत कुर्डूवाडीपर्यंत मी तेच शोधत होते. उत्तर अगदीच गद्य निघालं. वेळ. माझा रविवार माझा नसतो. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशी पाळी फिरते आणि आठवड्याचा ऑफ इन्चार्ज सिस्टर लावतील तेव्हा. ह्यावर राजीनामा हा उपाय मी धरला होता, पण इन्चार्ज सिस्टरांशी मी ह्या विषयावर कधी बोललेच नव्हते.

तरीही समितीपुढे जायचं ठरवलं. आमच्या पद्धतीत कुणालाही आपल्या मनानं पाळक होता येत नाही, आधी स्थानिक पाळकीय समितीची शिफारस लागते, मग डायोसिस, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा धर्मप्रांत, मग बिशपसाहेबांची मुलाखत. ही पायरी मला तेव्हा जाचक वाटायची. देवानं मला बोलावलं, तर मध्ये हे रिटायर्ड काका लोक कोण?

बैठक रविवारी उपासनेनंतर झाली. मी बाहेर बाकड्यावर, आत पंख्याचा आवाज आणि सगळ्यांची बोलणी स्पष्ट ऐकू येत होती, कारण दार नीट लागत नाही. एका काकांनी विचारलं, बाईमाणूस रात्री-बेरात्री मयतीला जाणार का? दुसऱ्यानं त्यांना आठवण करून दिली की ती रात्री-बेरात्री मयत बांधायचंच काम करते. स्त्रियांच्या दीक्षेला आमच्या चर्चची घटना आडवी येत नाही, हे पाळकसाहेबांनी सांगितलं. मग धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटचा, घरी बसून करायच्या बाह्य अभ्यासक्रमाचा विषय निघाला, तर एक जण म्हणाले, "श्रीरामपूर ना? नगर जिल्ह्यात माझे साडू आहेत, सोय होईल." हशा झाला. पाळकसाहेबांनी मग बंगालमधलं सेरामपूर समजावलं, विल्यम कॅरीचं, जिथलं कॉलेज १८१८ साली निघालं.

कॅरीचं नाव निघालं म्हणून सांगते. ज्याच्या नावानं मिशनरी कामाचे दाखले देतात, तो मूळचा चांभारकाम करणारा. बंगालमध्ये आल्यावर काही वर्षं नीळ तयार करायच्या कारखान्यावर व्यवस्थापक होता, आणि पुढे १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात पगारी शिक्षक. तिथे तो मराठीही शिकवायचा. १८०५ साली त्यानं मराठीचं व्याकरण छापलं, आणि १८११ मध्ये सेरामपूरहून मराठी नवा करार निघाला. म्हणजे आपल्या भाषेतला छापील नवा करार ज्या माणसाकडून आला तो नोकरीवर होता. नोकरीला 'जगाचं काम' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मी हे आता न विचारता ऐकवते.

मिळकतीचा दहावा भाग चर्चला द्यायचा, त्याला आम्ही दशांश म्हणतो. बैठकीतलं सगळ्यात खरं बोलणं खजिनदार काकांचं. "ह्या बाई आज दशांश देतात. पाळक झाल्या की दशांशावर जगणार. म्हणजे एक देणारा हात कमी आणि एक ताट जास्त. हिशेब कुणी बघायचा?" मला बाहेर बसून राग आला. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांना तो माणूस फार आवडला.

समितीनं शिफारस केली नाही. नाकारलीही नाही. कागदावर आलं ते असं: बाह्य अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करावा, आणि मंडळीतल्या व आसपासच्या अंथरुणाला खिळलेल्यांच्या भेटीचं काम त्यांनी उभं करावं, त्याला महिला मंडळातल्या बायका द्याव्यात. शिफारशीचा विचार 'पुढे'. तो ठराव मी हातात घेऊन उभी राहिले आणि मला गरसेकरांचा तो माणूस आठवला. त्याला काय वाटलं असेल ते मार्कनं लिहिलेलं नाही. दकापलीस भागात जाऊन तो सांगू लागला आणि लोकांना नवल वाटलं, एवढंच लिहिलंय. मला त्या संध्याकाळी नुसतं रडू आलं.

पुढचं काम मात्र झपाट्यानं झालं. आधी सरकारी बाजू. वर्तणूक नियमांप्रमाणे, म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ प्रमाणे, आम्हाला परवानगीशिवाय दुसरी नोकरी किंवा धंदा करता येत नाही. मानधनाशिवाय केलेलं सामाजिक, धर्मादाय काम चालतं, पण ड्युटीत त्याची ढवळाढवळ नको. मी तरी लेखी कळवलं. कुणी विचारलं तर कागद असावा, हे सरकारी नोकरीनं शिकवलंय. आणि स्वतःसाठी काही गोष्टी पक्क्या केल्या. युनिफॉर्ममध्ये असताना मी धर्माचं बोलणार नाही. माझ्यासमोर कॉटवर पडलेला माणूस सलाईनला बांधलेला असतो, त्याला उठून जाता येत नाही. अशा माणसाला वचन ऐकवणं मला अडवणूक वाटते. त्यानं स्वतः हात धरून 'माझ्यासाठी देवाला सांगा' म्हटलं तर गोष्ट वेगळी, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आमच्यातल्या काहींना हे पटत नाही. एक बंधू मला म्हणाले, ही साक्ष लपवणं आहे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही एक नाइट येऊन बघा.

इन्चार्ज सिस्टर म्हणजे वॉर्डातल्या बिशपच. त्यांच्याकडे महिन्यातले दोन रविवार मागितले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बदल्यात?" बदल्यात मी दिवाळीतल्या पाळ्या घेते, आणि सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, जेव्हा अर्धं सोलापूर सुट्टी मागतं, तेव्हा मी असते. एक मुस्लिम स्टाफ ईदला माझ्याकडून सुटते आणि नाताळला मला सोडवते. हा सौदा इतका सरळ होता की मला आधी का सुचला नाही असं कुणीही विचारेल. पण मी तेव्हा स्वर्गाकडे बघत होते, ड्युटी लिस्टकडे कोण बघतंय.

भेटीचं काम आम्ही आमच्या सभासदांपासून सुरू केलं आणि ते आपोआप बाहेर पसरलं. मी तिथे इंजेक्शन देत नाही, औषध बदलत नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत. मी घरच्यांना शिकवते. कूस कशी बदलायची, तोंड कसं स्वच्छ करायचं, नळीनं भरवताना डोकं किती वर ठेवायचं, शुगर असलेल्याचे पाय रोज कसे बघायचे, अगदी बोटांच्या बेचक्यासुद्धा.

कुंभारीच्या विडी घरकुलातलं एक घर सांगते. गोदूताई परुळेकरांच्या नावाची, विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची ही वसाहत आहे. आमच्या मंडळातल्या एका बाईच्या ओळखीनं गेलो. घर पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाचं, भिंतीवर मार्कंडेयाची तसबीर. म्हातारीला लकवा होऊन गेलेला, उजवी बाजू गेलेली, आणि माकडहाडावर बेडसोर. सून शेजारीच बसलेली, मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. बोलताना तिची नजर आमच्याकडे आणि बोटं विडी वळण्यात. पान, तंबाखू, गुंडाळी, दोरा, टोक आत. मजुरी हजारावर, हजार पूर्ण झाल्याशिवाय हिशेब नाही.

मी म्हटलं, दर दोन तासांनी कूस बदलायची. तिनं मान हलवली, पण डोळे म्हणत होते की बाई, तुम्ही सांगून जाल. दोन तासांनी उठून म्हातारीला एकटीनं वळवायचं म्हणजे पाठ जाते आणि हातातलं कामही तुटतं. तिच्याकडे एक जुनी सोलापुरी चादर होती, धुऊन धुऊन मऊ पडलेली. ती चार पदरी घडी करून म्हातारीच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली घातली. आता अंगाला धरून ओढायचं नाही, कातडी घासते. चादरीची लांबची कड दोन्ही हातांनी धरायची, आपला गुडघा पलंगाच्या कडेला टेकवायचा आणि एका दमात आपल्याकडे घ्यायचं. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये दुसरी. लाल झालेल्या जागी चोळायचं नाही. म्हातारी "नोप्पी, नोप्पी" करत होती. तेलुगू मला येत नाही, पण दुखतंय एवढं वॉर्डात राहून कळतं. दुसऱ्या वेळी सुनेनं स्वतः करून पाहिलं, आणि म्हातारी आली की हो सरकत.

घड्याळाचं काय करायचं ते तिनंच ठरवलं. दोन तासांत आपले किती कट्टे, म्हणजे विड्यांची बंडलं, होतात ते तिला माहीत होतं. तितके कट्टे झाले की आधी अत्ताची, म्हणजे सासूची, कूस, मग पुढचं पान. पुढच्या वेळी गेले तेव्हा जखमेच्या कडा गुलाबी व्हायला लागल्या होत्या. ड्रेसिंग दवाखान्यातून चालू होतं, त्याचं श्रेय मी घेणार नाही. निघताना मी दारात उभी राहून मनातल्या मनात प्रार्थना करते, ते तिनं पाहिलेलं असणार. म्हणाली, "अक्का, ते डोळे मिटून म्हणता ना, जरा मोठ्यानं म्हणा. तिला ऐकू येऊ दे." मी म्हटली. मराठीतच. म्हातारीनं डावा हात वर केला, तो मार्कंडेयासाठी की माझ्या प्रभूसाठी हे मी विचारलं नाही.

सगळं जमून आलंय असं कुणी समजू नये. नाइटहून येऊन अभ्यासाला बसलं की जुन्या कराराचे संदेष्टे एकमेकांत मिसळतात. आमोस आधी की होशेय, हे मला अजून बोटं मोडून आठवावं लागतं. मुलगी एकदा म्हणाली, "मम्मी, तू पेशंटकडे जातेस, पेपरला बसतेस, माझ्या वाट्याला कधी येतेस?" तिच्यासाठी बुधवारची संध्याकाळ ठेवली, पण तीही इव्हिनिंग लागली की जाते. दोनदोन महिने असे येतात की भेटी बायकाच करतात आणि मी फक्त फोनवर. आणि प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब भाकर मोडतात तेव्हा माझ्या हातांना काय वाटतं, ते मी ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. सेमिनरीतल्या सरांनी 'ते तेवढं खरं' म्हटलं होतं, आणि ते तेवढं अजून खरंच आहे.

गेल्या महिन्यात खजिनदार काकांच्या घरी भेट द्यायची वेळ आली, काकू पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. मी चादरीची घडी घालून दाखवत होते. काका दारातून बघत होते. जाताना म्हणाले, "तुमची वीस वर्षं कधी भरतात?" मी साल सांगितलं. त्यांनी खिशातली डायरी काढली, तिथे काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "तोपर्यंत मी समितीवर असेन की नाही माहीत नाही. पण दशांश चालू ठेवा."